त्वचा, वनस्पतींचे अर्क आणि लिपोसोम

लग्नघरात नवरानवरीच्या अंगाला हळद लावतात. हात, पाय व चेहरा पिवळेधमक होतात. परंतु आठवडा सरण्याच्या आत तो रंग ओसरू लागतो. त्यापैकी काही स्नानाच्या पाण्याबरोबर जातो, काही उन्हाने विटतो आणि उरलेला त्वचेच्या ज्या पापुद्र्यांत मुरलेला असतो त्या पापुद्र्यांबरोबरच झडून जातो. घरोघरी दिसणाऱ्या या साध्या गोष्टीत शास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवणारा एक प्रश्न दडलेला आहे. वनस्पतीपासून काढलेले औषधी द्रव्य त्वचेवर चोळले असता ते आत किती शिरते, कोठे अडते, आणि जेथे त्याची गरज आहे तेथवर ते कसे पोचवावे, हाच तो प्रश्न होय.

प्रौढ मनुष्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरते. एवढ्या विस्तृत पृष्ठभागाचे रक्षण करण्याचे काम मुख्यतः तिच्या सर्वांत वरच्या थराकडे असते. यास शृंगी थर म्हणतात. कारण शिंगे व नखे ज्या जातीच्या प्रथिनाची बनलेली असतात त्याच जातीच्या, म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाने त्यातील पेशी भरलेल्या असतात. या पेशी मृत व चपट्या असून त्यांचे पंधरा-वीस पदर एकावर एक रचलेले असतात. तळहात व तळपाय सोडले, तर या संपूर्ण थराची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकीच असते. इतक्या पातळ पडद्याने शरीरातील पाणी आत राखावे आणि बाहेरची विषे बाहेर थोपवावी, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. पीटर इलायस या अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञाने या थराची तुलना विटांच्या भिंतीशी केली. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या फटींत भरलेला मेद म्हणजे चुना. हा मेद सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले यांच्या मिश्रणाचा असतो व भिंतीचा खरा भक्कमपणा या चुन्यातच असतो. आत जाणाऱ्या द्रव्याला विटांना वळसे घालीत या चुन्यामधूनच वाट काढावी लागते.

या वाटेवर दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट आकाराची. बॉस आणि माइनार्डी या शास्त्रज्ञांनी २००० साली असे दाखवून दिले की, ज्या द्रव्यांचा रेणुभार सुमारे ५०० पेक्षा अधिक आहे ती निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत. दुसरी अट स्वभावाची आहे. द्रव्य मेदात विरघळणारे हवे, नाही तर चुन्यात त्याचा प्रवेशच होत नाही. परंतु ते केवळ मेदातच विरघळणारे असेल तर चुन्यातच अडकून बसते, कारण शृंगी थराखालच्या जिवंत पेशींचा प्रदेश पाणथळ असतो. वनस्पतींतील बहुतेक उपयुक्त द्रव्ये या दोहोंपैकी एका अटीत नापास होतात. जखमा भरून काढण्याविषयी नावाजलेल्या मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड या द्रव्याचा रेणुभार ९५९ आहे आणि त्याला पाण्याची ओढ आहे. ज्येष्ठमधाची गोडी ज्यामुळे येते त्या ग्लिसिऱ्हायझिनचा रेणुभार ८२३ आहे. हळदीतील कर्क्युमिनचा मात्र केवळ ३६८ असून ते मेदात विरघळते. मग ते आत का जात नाही? याचे उत्तर असे की, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाण्यात कालविलेल्या हळदीत त्याचे बारीक कण तसेच राहतात; आणि न विरघळलेल्या कणाला त्वचेच्या फटी अर्थातच बंद असतात. तेलातून लावले तर ते विरघळते, परंतु तेलाचा सहवास सोडून पुढे जाण्यास नाखूष असते. हळद तेलात कालवून लावणाऱ्या आजीबाईंना पहिली गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. दुसरीवर त्यांच्यापाशी उपाय नव्हता.

त्या उपायाचा एक मार्ग ज्या दोन शास्त्रांच्या मिलाफातून निघाला, ती दोन्ही शास्त्रे भारतात एकाच शहरात शेजारी शेजारी वाढली आहेत. ते शहर लखनौ होय. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तेथील छत्तर मंझिल या नबाबी राजवाड्यात केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. १९५३ मध्ये सिकंदर बागेतील वनस्पतिउद्यान वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या ताब्यात आले व त्यातून राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली. १९५९ साली स्थापन झालेल्या वनौषधी संघटनेतून पुढे केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचा विकास झाला. आणि १९६५ साली विषशास्त्राच्या अभ्यासाकरिता चौथी संस्था निघाली. गोमतीकाठच्या या शहरात एके ठिकाणी वनस्पती ओळखली जाते, दुसऱ्या ठिकाणी तिची लागवड सुधारली जाते, तिसऱ्या ठिकाणी तिच्यातील द्रव्याची औषध म्हणून पारख होते आणि चौथ्या ठिकाणी ते द्रव्य अपायकारक तर नाही ना, हे तपासता येते. अशी सोय जगात फार थोड्या शहरांत असेल.

औषध संशोधन संस्थेतील छितरमल गुप्ता यांनी आपले लक्ष पेशींच्या मेदमय आवरणांवर आणि त्यांच्याच नमुन्यावर बनविता येणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांवर केंद्रित केले. या संशोधनाबद्दल त्यांना वैद्यकशास्त्रातील १९८५ सालचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले आणि पुढे संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले. या सूक्ष्म पिशव्यांनाच लिपोसोम म्हणतात.

लिपोसोम या नावातील ‘लिपोस’ म्हणजे मेद आणि ‘सोमा’ म्हणजे शरीर. दोन्ही शब्द ग्रीक आहेत. त्यांचा शोध काहीसा अकल्पितपणे लागला. इंग्लंडमध्ये केंब्रिजनजीक बाब्रॅहम येथे ॲलेक बँगहॅम हे रक्ताच्या अभ्यासात गढलेले शास्त्रज्ञ होते. १९६१ च्या सुमारास त्यांनी आणि हॉर्न यांनी नव्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लेसिथिनचा एक नमुना ठेवून पाहिला. लेसिथिन हा अंड्याच्या बलकात व सोयाबीनमध्ये सापडणारा फॉस्फरसयुक्त मेद आहे. पाण्यात कालविलेल्या या मेदाचे कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकात एक बसलेले पडदे त्यांना दिसले. त्यांची चित्रे पेशींच्या आवरणाच्या चित्रांशी हुबेहूब जुळत होती. १९६५ मध्ये बँगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की या पिशव्या तोंडे मिटलेल्या असतात आणि आत कोंडलेले क्षार धरून ठेवतात.

असे का घडावे, हे लेसिथिनच्या रेणूच्या रचनेवरून कळते. त्याचे डोके जलस्नेही असते आणि त्याच्या दोन लांब शेपट्या जलद्वेष्ट्या असतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की शेपट्या पाण्यापासून तोंड लपविण्यासाठी एकमेकींना बिलगतात आणि डोकी दोन्ही अंगांनी पाण्याकडे राहतात. त्यामुळे दुहेरी पडदा तयार होतो. पडद्याच्या कडा उघड्या राहिल्या तर तेथील शेपट्यांना पाण्याचा स्पर्श होतो. तो टाळण्यासाठी पडदा वळून स्वतःशीच मिटतो. हीच पिशवी. तिची भिंत मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी चार-पाच भागांइतकी जाड असते आणि आत पाण्याचा एक थेंब कोंडलेला असतो. एकाच पिशवीत अशा रीतीने दोन दालने मिळतात. मंडूकपर्णीच्या अर्कासारखे जलस्नेही द्रव्य आतल्या पाण्यात राहते, तर कर्क्युमिनसारखे जलद्वेष्टे द्रव्य भिंतीतच, शेपट्यांच्या दाटीत विसावते. पाण्यात न विरघळणारे द्रव्य पाण्यात असे सुटेसुटे पसरविता येणे, हा लिपोसोमचा पहिला आणि कदाचित सर्वांत मोठा उपयोग आहे.

प्रयोगशाळेत लिपोसोम बनविण्याची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. लेसिथिन, थोडे कोलेस्टेरॉल आणि वनस्पतीचे मेदप्रिय द्रव्य ही क्लोरोफॉर्मसारख्या द्रवात विरघळवून गोल बुडाच्या चंबूत घेतात. चंबू कोमट पाण्यात फिरता ठेवून आतील हवा पंपाने खेचली की क्लोरोफॉर्म उडून जातो आणि काचेला आतून मेदाचा पातळ पापुद्रा चिकटून राहतो. मग त्यात पाणी घालून चंबू हलवितात. पापुद्रा फुगतो, सुटतो, आणि पाणी दुधासारखे पांढुरके होते. कर्क्युमिन असेल तर पिवळे होते. या दुधातील पिशव्या लहानमोठ्या असतात. त्या श्राव्यातीत ध्वनिलहरींनी फोडून किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने पार करून सारख्या आकाराच्या करतात. सगळेच द्रव्य पिशव्यांत शिरत नाही. बाहेर राहिलेले वेगळे काढून आत किती कोंडले गेले हे मोजावे लागते. ही मोजणी ज्यांनी केलेली नाही त्यांच्या दाव्यांकडे शास्त्रज्ञ लक्ष देत नाहीत.

१९७० नंतरच्या दशकात या पिशव्यांतून औषधे रक्तात सोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. लखनौतील काम प्रामुख्याने याच दिशेचे होते. तांबड्या पेशींना ओळखणारी प्रतिद्रव्ये लिपोसोमवर बसवून, त्यांत क्लोरोक्विन भरून, ते मलेरियाग्रस्त उंदरांना देण्याचे प्रयोग गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी टफ्टसिन या छोट्या प्रथिनखंडाची जोड लिपोसोमला दिली. टफ्टसिनमुळे शरीरातील भक्षक पेशी उत्तेजित होतात. आणि काळ्या आजाराचे जंतू नेमके याच पेशींत दडून बसतात, म्हणून ही युक्ती त्या रोगाच्या उपचाराकरिता प्राण्यांवर अजमावण्यात आली. मुंबईस सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथे डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अँफोटेरिसिन या औषधाचे भारतीय लिपोसोम रुग्णांपर्यंत नेण्याच्या कामात महत्त्वाचा वाटा उचलला.

रक्तात गेलेल्या लिपोसोमला गिळण्यास भक्षक पेशी टपलेल्याच असतात. त्वचेचे दार निराळे आहे; तेथे स्वागत करणारे कोणी नाही. या दारावर पहिली थाप कॅनडातील हॅलिफॅक्स येथे मेझई आणि गुलशेखरम् यांनी १९८० साली दिली. दाह शमविणारे एक स्टेरॉइड औषध लिपोसोममध्ये भरून त्यांनी सशांच्या त्वचेवर लावले. नेहमीच्या मलमाच्या तुलनेत त्वचेच्या थरांत औषधाचा साठा चार ते पाच पट आढळला. शरीराच्या आत मात्र ते कमी पोचले होते. या निष्कर्षाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे. त्वचेच्या रोगावरचे औषध त्वचेतच राहावे, यकृतात व मेंदूत भटकू नये, हीच तर वैद्याची इच्छा असते.

पिशवी अखंडपणे त्वचेच्या आरपार जाते, अशी समजूत तेव्हापासून पसरली आणि सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी ती जोपासली. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये लिपोसोमयुक्त पहिले प्रसिद्ध प्रसाधन बाजारात आले. परंतु पुरावा या समजुतीच्या विरुद्ध आहे. पिशवीच्या भिंतीला चमकणारा रंग लावून तिचा माग काढता येतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ साली अतिसूक्ष्म दृष्टीच्या यंत्राने असा माग काढला, तेव्हा अखंड लिपोसोम मानवी त्वचेचा शृंगी थर ओलांडत नाहीत असेच आढळले. त्या वरच्यावरच फुटतात. तरीही औषध आत का जाते, याचे स्पष्टीकरण चुन्याच्या दृष्टान्तातच आहे. फुटलेल्या पिशवीचे लेसिथिन त्वचेच्या मेदात मिसळते, चुना थोडा सैल होतो, आणि भिंतीत रेणुरूपाने विरघळलेले द्रव्य मेदातून मेदात सरकते. काही भाग केसांच्या मुळांच्या खळग्यांत साठून हळूहळू झिरपतो. भक्कम दाराला धडक देऊन आत घुसणारा हा शिपाई नव्हे. उंबऱ्यावर गाठोडे सोडून आतल्या माणसाच्या हाती एकेक वस्तू देणारा हा फेरीवाला आहे.

या फेरीवाल्याचे चातुर्य खऱ्या रोगावर कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी गोव्याशी व मुंबईशी निगडित असलेल्या एका पुडीचा इतिहास पाहावा लागेल. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधविक्रेत्यांकडे ‘गोवा पावडर’ या नावाची एक पिवळसर तपकिरी पूड मिळत असे. गजकर्णावर ती गुणकारी म्हणून लोक ती लावीत. नाव गोव्याचे असले तरी पूड गोव्याची नव्हती. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील अरारोबा नावाच्या वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साचते. पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्यास आणली आणि तेथून ती मुंबईस आली. १८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांना एक रुग्ण भेटला. त्याला सोरायसिस असताना गजकर्ण समजून गोवा पावडर लावण्यात आली होती आणि या चुकीच्या उपचाराने तो सुधारला होता! सोरायसिसमध्ये बाह्यत्वचेच्या पेशी भलत्याच वेगाने वाढतात व त्वचेवर खवल्यांचे चट्टे उठतात. तेव्हापासून ही पूड या रोगावरचे औषध झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, जर्मनीत तिच्यातील द्रव्याशी जवळचे नाते असलेले डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध वापरात आले आणि झाडाची गरज उरली नाही.

डिथ्रॅनॉल गुणाचे आहे, पण त्याचा सहवास कष्टाचा आहे. ते पाण्यात विरघळत नाही. हवा लागताच त्याचा रंग पालटून तपकिरी-जांभळा होतो. कपडे, अंथरूण, न्हाणीघराची फरशी यांवर पडलेले डाग निघत नाहीत. आणि चट्ट्याच्या शेजारची निरोगी कातडी भाजल्यासारखी जळते. कित्येक रुग्ण रोग पत्करतात, पण हे औषध नको म्हणतात. येथे लिपोसोमला खरे काम मिळाले. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी डिथ्रॅनॉल लिपोसोमच्या भिंतीत बसविले आणि त्या पिशव्या पाण्याच्या लगद्यात मिसळल्या. तेथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेच्या त्वचारोगतज्ज्ञांबरोबर, अर्धा टक्का औषध असलेल्या या लगद्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. प्राथमिक निष्कर्ष २००२ मध्ये आणि औषधविरहित लगद्याशी तुलना करणाऱ्या चाचणीचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. चट्टे सुधारले आणि जळजळ व डाग अल्प प्रमाणातच आढळले. औषध तेच होते. ते त्वचेला एकदम भेटण्याऐवजी थोडेथोडे भेटले, एवढाच फरक. रोगग्रस्त पेशी शृंगी थराच्या लगेच खाली असल्यामुळे त्याला आरपार जाण्याची आवश्यकताही नव्हती.

अधिक खोल जाण्याकरिता वेगळ्या युक्त्या निघाल्या आहेत. म्यूनिकमधील ग्रेगर सेव्ह यांनी १९९२ च्या सुमारास लेसिथिनच्या भिंतीत पित्तक्षारासारखे द्रव्य मिसळून लवचिक पिशव्या बनविल्या. त्या स्वतःहून लहान असलेल्या फटींतून दबून सरकतात असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यावर वाद अद्याप मिटलेला नाही. इटलीत वनस्पतीच्या द्रव्याचा रेणू लेसिथिनशी बांधून घेण्याची पद्धत निघाली. तीत पिशवी नसते, जोडी असते.

येथे एक अडचण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. डिथ्रॅनॉल हे एकच, शुद्ध द्रव्य आहे. वनस्पतीचा अर्क हे अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. एकाच जातीच्या हळदीत जमीन, वाण व काढणीचा हंगाम यांप्रमाणे कर्क्युमिन कमीजास्त होते. पिशवी कितीही सुबक केली तरी आत काय भरले हे ठाऊक नसेल तर ती रुग्णाच्या काय उपयोगाची? म्हणून अर्कातील एक-दोन मुख्य द्रव्यांचे प्रमाण यंत्राने मोजून प्रत्येक घाण्यात ते सारखे ठेवावे लागते. शिवाय चुना सैल झाला म्हणजे तो उपयुक्त द्रव्यालाच वाट देतो असे नाही. अर्कात कीटकनाशकाचा अंश अथवा त्वचेला झोंबणारे घटक असले तर त्यांचीही वाट मोकळी होते. विषशास्त्राची संस्था औषधाच्या संस्थेशेजारी असावी, यातील औचित्य येथे दिसून येते.

उन्हाळ्याचाही प्रश्न आहे. लखनौस मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. विदर्भातही तोच अनुभव येतो. अशा उष्णतेत लेसिथिन हवेने खवट होते, पिशव्या एकमेकींत मिसळतात आणि आतले द्रव्य गळू लागते. शीतपेटीत ठेवावे तर गावच्या दवाखान्यात वीज असेलच असे नाही. साखरेच्या जातीची द्रव्ये घालून पिशव्या गोठवून सुकविणे आणि वापरण्यापूर्वी पाणी घालणे हा एक उपाय आहे; पण त्याने किंमत वाढते. हळदीचा अर्क स्वस्त आणि त्याची पिशवी महाग, अशी स्थिती आज पुष्कळ ठिकाणी आहे.

एखाद्या लेपातील द्रव्य खरोखर किती आत गेले हे तपासण्याची रीत मात्र कोणत्याही सुसज्ज महाविद्यालयात करण्याजोगी आहे. १९७५ मध्ये थॉमस फ्रांझ यांनी सुचविलेल्या काचेच्या पात्रात डुकराच्या कानाच्या कातडीचा तुकडा पडद्यासारखा ताणून बसवितात. वर लेप आणि खाली सतत ढवळलेला द्रव. कातडीचे तापमान शरीरावर असते तसे ३२ अंशांवर राखतात. ठरावीक वेळाने खालच्या द्रवाचा नमुना काढून त्यात उतरलेले द्रव्य मोजतात. कर्क्युमिनसाठी खालच्या द्रवात थोडे मद्यार्क घालावे लागते; साधे पाणी ठेवले तर ते द्रव्य स्वीकारतच नाही आणि काहीच आत गेले नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नंतर कातडीवर चिकटपट्टी दाबून ओढतात. प्रत्येक ओढीबरोबर शृंगी थराचा एक पदर निघतो. असे पंधरा-वीस पदर काढून प्रत्येकातील द्रव्य मोजले की ते कोणत्या खोलीवर किती साठले याचा आलेख मिळतो. मात्र एकाच लेपावर ही परीक्षा पुरी होत नाही. अर्काचा साधा लेप, अर्काने भरलेले लिपोसोम, आणि काहीही न भरलेले रिकामे लिपोसोम, असे तीन नमुने शेजारी शेजारी लावावे लागतात. तिसरा नमुना विसरण्याचा मोह मोठा असतो. कारण कोरडी, भेगाळलेली त्वचा निव्वळ लेसिथिनच्या ओलाव्यानेही मऊ पडते, आणि त्याचे श्रेय मग हळदीला दिले जाते.